पोदेराचा भोंपू ऐकतो, मग बेरा चुकली का?

पावसाळा सुरू झाल्यापासून आलेली पत्रं मी एका कापडी पिशवीत टाकत गेले होते. काल फोंड्याच्या क्लिनिकमध्ये शेवटचा पेशंट गेल्यावर ती टेबलावर ओतली आणि वाचायला बसले. मागच्या अंकात मुलांच्या श्रवणचाचण्यांबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्याचा हा परिणाम. निम्म्याहून जास्त पत्रांत शब्द बदलून एकच प्रश्न आहे: मशीनवर विश्वास ठेवायचा की आपल्या डोळ्यांवर? म्हणून या वेळी ‘चक्कर येते’ आणि ‘कानात शिट्टी वाजते’वाल्यांना थोडं थांबवलंय. त्यांनी रागावू नये, पुढच्या महिन्यात त्यांचाच नंबर.

डिचोलीहून एक आई लिहितात: मुलगा २३ महिन्यांचा आहे. जन्मल्यावर दुसऱ्या दिवशी कानाची ओएई चाचणी केली तेव्हा ‘रेफर’ (म्हणजे पुढे तपासा) आलं. चौथ्या दिवशी एकामागून एक तीनदा केली, तिसऱ्यांदा ‘पास’ झाला. आम्ही निर्धास्त. आता तो ‘आई’, ‘बाबू’ आणि ‘ना’ एवढंच बोलतो. गेल्या महिन्यात बेरा (कानाच्या नसेची झोपेतली चाचणी) केली, दोन्ही कानांत ७० डेसिबल लिहिलंय (आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी) आणि कानाचं मशीन घालायला सांगितलंय. पण सकाळी पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की हा अंथरुणातून उठून थेट दारात! सासूबाई म्हणतात, याला सगळं ऐकू येतं, याचा बापूय (बाप) सुद्धा उशिराच बोलायला लागला होता. मी कोणाचं खरं मानू?

तिघांचंही. ‘पास’ खरा असू शकतो, ७० खरे असू शकतात, आणि पोदेर तर खराच. घोळ असा आहे की तिघांनी तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली आहेत आणि तुमच्या घरात ती एकाच प्रश्नाची म्हणून वाचली जातायत.

ओएईपासून सुरू करते. कानाच्या आत, शंखाच्या आकाराच्या भागात केसपेशी असतात. त्यांतल्या बाहेरच्या रांगेतल्या पेशी नुसतं ऐकत नाहीत, आवाज आला की स्वतःही किंचित थरथरतात आणि त्या थरथरण्याचा बारीक पडसाद कानातून बाहेर येतो. डेव्हिड केंप नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७८ मध्ये हे दाखवून दिलं, तेव्हा बऱ्याच लोकांना ते खरं वाटलं नव्हतं. ओएईचं यंत्र तोच पडसाद पकडतं. बाळ ऐकतंय का, ऐकलेलं मेंदूपर्यंत पोचतंय का, हे ते विचारतच नाही. नसेतला दोष त्याला दिसत नाही. म्हणून अपुऱ्या दिवसांची, जोराची कावीळ झालेली किंवा पाच दिवसांहून जास्त अतिदक्षता विभागात राहिलेली बाळं असतील तर त्यांचं नुसतं ओएई करून समाधान मानू नये, बेराच करावी. पडसाद उत्तम, पण नस गोंधळलेली, अशी मुलं असतात आणि ती ओएईत छान पास होतात.

दुसऱ्या दिवशीचं ‘रेफर’ मी फारसं मनावर घेत नाही. जन्मल्याबरोबर कानाच्या नळीत गर्भातला पांढरा चिकट थर असतो, पडद्यामागे पाणी असतं. एकदोन दिवसांत ते निवळतं. जन्मतः कायमची बहिरेपणाची तक्रार हजारात एक ते तीन बाळांना असते आणि पहिल्या फेरीत ‘रेफर’ येणारी त्याच्या कितीतरी पट. बहुतेकांचं पुढे काही निघत नाही.

मला खटकतं ते चौथ्या दिवसाचं. तीनदा केली, तिसऱ्यांदा पास. गरी टाकत राहिलं की कधीतरी काहीतरी लागतंच. पास येईपर्यंत चाचणी करत राहिलं तर चुकून पास होण्याची शक्यता दर वेळी थोडी वाढते. मी स्वतः दोनदा करते, नाही झालं तर बाळ बेरासाठी. तिसऱ्यांदा यंत्र लावायचा मोह मलाही होतो, विशेषतः आजी दारात उभी असते तेव्हा. तरी नाही लावत. शिवाय, त्या दिवशीचा पास अगदी खरा धरला तरी तो त्या दिवसाचा. पोटात असताना झालेला काही विषाणूंचा संसर्ग, मेंदूज्वर, आतल्या कानाच्या रचनेतला दोष, घराण्यातून आलेलं काही, यांमुळे ऐकणं वर्षा-दीड वर्षाने उतरू शकतं.

आता बेरा. कपाळाची आणि कानामागची कातडी खरखरीत जेलने घासून तारा चिकटवतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि कानापासून मेंदूच्या देठापर्यंत जाणाऱ्या विजेच्या लाटा मोजतात. ही लाट एका मायक्रोव्होल्टहूनही लहान. बाळाने चोखणी चोखली तरी मानेच्या स्नायूंची वीज तिच्यापेक्षा मोठी. त्यामुळे टकटक हजार-दोन हजार वेळा द्यायची आणि सरासरी काढायची, मग चिखलातून काहीतरी वर येतं. लाटांना एक ते सात आकडे आहेत, पाचवी सगळ्यात शेवटपर्यंत टिकते. आवाज कमी करत जायचं आणि पाचवी दिसेनाशी झाली की थांबायचं. म्हणजे ७० हा आकडा ‘मूल कुठून पुढे ऐकतं’ हा नाही, ‘कुठून पुढे लाट दिसली’ हा आहे. प्रत्यक्ष ऐकणं बहुतेक वेळा त्याहून दहा-वीस डेसिबलने बरं निघतं. आणि ही झोपेत करायची चाचणी आहे. तुमच्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर तळाला बारीक अक्षरात लिहिलंय: ‘मूल मध्येच जागं झालं’. ती ओळ आकड्याच्या वर, ठळक लिहायला हवी होती.

मुख्य गोष्ट वेगळीच. ती टकटक, आम्ही क्लिक म्हणतो, कानाच्या ठरावीक भागाची परीक्षा घेते. साधारण २००० ते ४००० हर्ट्झ, म्हणजे वरच्या पट्टीची. खालच्या पट्टीचं तिला फारसं कळत नाही. पोदेराचा भोंपू रबरी फुग्याचा, आवाज जाडा आणि गल्लीभर जाईल इतका मोठा. वरच्या पट्टीचं ऐकणं गेलेलं आणि खालच्या पट्टीचं राहिलेलं मूल भोंप्याला धावणार, ढगांच्या गडगडाटाला दचकणार, चवथीच्या घुमट वाद्याला नाचणार, आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘क’ त्याच्या कानावर पडणारच नाहीत. तुमच्या मुलाचे तीन शब्द पुन्हा वाचा. आई, बाबू, ना. तिन्ही स्वरांचे आणि जाड्या व्यंजनांचे. ‘मासे’ नाही, ‘साखर’ नाही, ‘शी’ नाही. तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष ७०पेक्षा त्या तीन शब्दांकडे आधी गेलं.

आणि भोंप्याचीही एक परीक्षा घ्या, कारण तो एकटा कधीच येत नाही. पोदेर यायची वेळ झाली की सासूबाई उठतात, उंड्यांसाठी पिशवी घेतात, कडी काढतात, दारातून उजेड आत येतो. मूल यांतल्या कशाला उठतं? एक दिवस भोंपू वाजायच्या पाच मिनिटं आधी सासूबाईंनी पिशवी घेऊन दार उघडावं. मूल आलं तर भोंप्याची साक्ष तिथेच संपली. दुसऱ्या दिवशी कोणीच हलू नका आणि पोदेर दोन घरं पलीकडे असताना मुलाच्या चेहऱ्याकडे पाहा. सासूबाईंना यात सामील करून घ्या, म्हणजे त्यांनाही आपण खोट्यात निघालो असं वाटणार नाही.

मी काय करीन ते सांगते. आधी टिम्पॅनोमेट्री, पडद्यामागे पाणी आहे का ते बघायला. दोन मिनिटांचं काम, तुमच्या कागदांत ते नाही. पावसाळ्यात सर्दीचं पाणी साठलं असेल तर ७०मधले वीस-तीस त्याचेच असू शकतात. मग ओएई पुन्हा. मग बेरा, पण नुसती क्लिकची नाही, ५०० हर्ट्झच्या टोनचीही, म्हणजे खालची पट्टी कळेल. आणि मग मुलाला जागं ठेवून, आईच्या मांडीवर बसवून शांत खोलीतली चाचणी: बाजूच्या स्पीकरमधून आवाज, मान वळवली की काळ्या काचेमागे दिवा लागून झांजा वाजवणारं माकड दिसतं. माझं माकड अठरा वर्षांचं आहे, एक हात मोडलाय, तरी मुलं त्याच्यासाठी मान वळवतात. फोंड्याला यायचं जमत नसेल तर बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या कान-नाक-घसा विभागात जाऊन विचारा, टिम्पॅनोमेट्रीचा शब्द कागदावर लिहून न्या.

या सगळ्याला महिना लागेल. तोवर मशीनचं थांबवू नका. कानाचे साचे आत्ताच घ्यायला सांगा, ते बनून यायला दिवस जातातच. मशीन सुरुवातीला बेताच्या आवाजावर ठेवता येतं आणि नवे आकडे आले की कॉम्प्युटरला जोडून बदलता येतं. बोलणं शिकण्याच्या वयातले महिने मात्र मला कुठल्या कॉम्प्युटरला जोडता येत नाहीत. बापूयच्या उशिरा बोलण्याचं म्हणाल तर त्यांचीही चाचणी करून टाका. गंमत म्हणून नाही, खरंच सांगतेय.

काणकोणहून एक वडील विचारतात: मुलगी साडेतीन वर्षांची. आवाज आला की डब्यात मणी टाकायचा, अशी चाचणी केली. पहिल्या दिवशी ३५ डेसिबल, आठवड्याने २५. खेळ खेळून काढलेल्या आकड्याला शास्त्र म्हणायचं का?

म्हणायचं, पण खेळवणारा कोण यावर बरंच अवलंबून आहे. मोठ्या माणसाची चाचणीही आज एक, उद्या एक अशी पाच डेसिबलने हलते, कारण आम्ही पाच-पाचच्याच पायऱ्या चढतो: उत्तर आलं की दहा खाली, नाही आलं की पाच वर. साडेतीन वर्षांच्या पोरीचं दहाने हलणं मला चालतं. सर्दी ओसरली असेल, दुसऱ्या दिवशी तिला खेळ कळला असेल. या वयात दुसरा दिवस बहुतेक वेळा जास्त खरा.

धोका आकडे हलण्यात नाही. आकडे सुंदर येतात तेव्हा मला भीती वाटते. ही माझीच गोष्ट ऐका, नोकरीच्या पहिल्या वर्षातली, गोव्याबाहेरची. चार वर्षांची मुलगी, केस घट्ट दोन वेण्यांत, आईच्या म्हणण्याप्रमाणे ‘हाक मारली तर लक्ष देत नाही’. मणी संपले होते म्हणून मी घरून नेलेल्या काजूच्या बिया आणि एक करवंटी पुढे ठेवली. बी कानाशी धरायची, आवाज आला की करवंटीत टाकायची. पोरगी अशी हुशार की मी वर बघावं आणि टक्क, बी करवंटीत. ६०, ५०, ४०, ३०. वीसपर्यंत टक्क टक्क टक्क. मी ऐटीत लिहिलं: दोन्ही कान उत्तम, हट्टी स्वभाव, बालमानसतज्ज्ञांना दाखवा.

सात महिन्यांनी ती परत आली तेव्हा माझ्या वरिष्ठ बाईंनी तिला त्याच खोलीत, त्याच स्टुलावर बसवलं आणि मला मागे उभं केलं. तिथून मला दिसलं. मधल्या काचेत माझ्या जागेचं प्रतिबिंब पडत होतं. बटण दाबताना यंत्रावर बसलेल्याचा उजवा खांदा जरासा खाली जातो. पोरगी खांद्याला बी टाकत होती. बाईंनी काचेला वर्तमानपत्र चिकटवलं आणि चाचणी पुन्हा केली, तेव्हा ५५वर बी पडली, ५०वर हातातच राहिली. ती कानाशी धरलेली बी आणि वाट बघणारे डोळे माझ्या नजरेसमोरून जात नाहीत. मानसतज्ज्ञांची ती चिठ्ठी त्या आईने जपून ठेवली होती. मला दाखवायला तिने ती पर्समधून काढलीही.

तेव्हापासून मी सापळे लावते. मध्येच दहा-पंधरा सेकंद काहीच वाजवत नाही, पण बटणाशी चाळा करते. शांततेत दोन-तीनदा मणी पडला तर तो कागद फाडून टाकते. आवाज ठेक्यात देत नाही. तुम्ही पुढच्या वेळी जाल तेव्हा तुमच्या मुलीच्या जागी स्वतः बसून बघा, तिथून तपासणाऱ्याचे हात, सावली, काचेतलं काही दिसतं का. आणि तुम्ही शेजारी बसलात तर स्वतःच्या भुवया सांभाळा. बापांच्या भुवया फार बोलतात.

सत्तरीतल्या मराठी प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका लिहितात: जुलैमध्ये शाळेत कानतपासणी झाली. ४१ मुलांपैकी १२ नापास. पालक घाबरले, दोघांनी तर कर्ज काढून म्हापशाला नेलं. ऑक्टोबरमध्ये पुन्हा तपासलं तर दोनच नापास. मग जुलैतल्या तपासणीला काही अर्थ होता का?

बाई, तुम्ही पत्रात एक ओळ जाताजाता लिहिली आहे: ‘तपासणी सभागृहात घेतली, वर पत्रे आहेत’. जुलै, सत्तरी, पत्र्याचं छप्पर. माझं उत्तर निम्मं तिथेच झालं.

शाळेत साधारणपणे १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे बारीक आवाज २० ते २५ डेसिबलवर देतात. ही पातळी कुजबुजीच्याही खाली. पत्र्यावर सत्तरीचा पाऊस पडत असताना कुजबूज सोडा, तुम्हाला फळ्यासमोरून ओरडावं लागत असणार. नियम अगदी साधा आहे, पण घाईत विसरला जातो: पहिल्या मुलाआधी तपासणाऱ्याने हेडफोन स्वतःच्या कानांना लावायचे. ज्याचे कान चांगले आहेत अशा माणसाला तो आवाज त्या खोलीत येत नसेल तर नापास खोली झाली, मूल नाही. मी सत्तरीतच एकदा देवळाच्या भटजींच्या माजघरात मुलं तपासली आहेत, मातीच्या जाड भिंती, वर कौलं आणि त्याखाली माळा. शहरातल्या अर्ध्या क्लिनिकांपेक्षा शांत.

पण सगळे बारा पावसानेच नापास केले असं म्हणू नका. जुलैत निम्म्या वर्गाला सर्दी असते आणि सर्दीनंतर पडद्यामागे साठलेलं पाणी काही आठवडे, कधी दोन-तीन महिने राहतं. ते मूल जुलैत खरोखर कमी ऐकत होतं, ऑक्टोबरमध्ये खरोखर बरं ऐकतंय. दोन्ही तपासण्या आपापल्या दिवशी बरोबर. म्हणून घाई न करता काही आठवड्यांनी फेरतपासणी आणि तीन महिन्यांनंतरही पाणी असेल तर डॉक्टर, असा रिवाज आहे. कान दुखत असेल, वाहत असेल तर मात्र थांबायचं नाही. कर्ज काढलेल्या त्या दोन घरांना हे जुलैतच कोणीतरी दारात उभं राहून सांगायला हवं होतं. नुसता ‘नापास’चा कागद मुलाच्या दप्तरात घालून पाठवणं मला पटत नाही.

यंत्राकडेही जरा बघा. ऑडिओमीटर वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्यायचं असतं, त्याची तारीख लिहिलेली चिकटपट्टी यंत्राच्या मागे असते. मागून बघायला कोणी बंदी केलेली नाही. आपल्या दमट हवेत हेडफोनच्या वायरी बाहेरून चांगल्या दिसतात आणि आतून हिरव्या होतात. वायर हातात धरून हलवली की आवाज तुटतो, असे किती हेडफोन मी बाद केलेत. आणि लाल उजवा, निळा डावा. एका शाळेत अर्धा दिवस उलटे लावलेले मी पाहिलेत, तिथल्या मुलांचे सगळे डावे कान उजव्यांच्या नावावर जमा.

जे दोघे ऑक्टोबरमध्येही राहिले त्यांची नावं सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, २०१३ पासून हा कार्यक्रम आहे, अठरा वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात. पथकाच्या डॉक्टरांना ती दोन नावं लेखी द्या. तोवर त्यांना पहिल्या बाकावर बसवा, पण तुम्ही खिडकीकडे पाठ करून उभ्या राहू नका, तुमचं तोंड त्यांना उजेडात दिसायला हवं.

पेडण्याहून एक आजोबा: नात पाचवीत. चौथीपर्यंत मराठी शाळा, यंदा इंग्रजी. सहामाहीनंतर म्हणू लागली, ‘मला बाईंचं ऐकू येत नाही’. चाचणीत दोन्ही कान ५० डेसिबल. पण मी पाठमोरा बसून हळूच ‘लाडू घे’ म्हटलं की ताबडतोब येते! नात खोटं बोलते की मशीन?

दोघंही नाही, आणि कृपा करून तो लाडवाचा प्रयोग पुन्हा करू नका. तिला कळलं की आपण पकडले जातोय, तर पुढचं सगळं अवघड होतं.

पन्नास डेसिबल म्हणजे समोर बसून नेहमीच्या आवाजात बोललेलंही अर्धवट. असं मूल पाठमोऱ्या माणसाची कुजबूज घेऊ शकत नाही. माझ्याकडे आठ ते बारा वर्षांची अशी दोनचार मुलं दर वर्षी येतात, आणि शाळेच्या कॅलेंडरशी त्यांचं जुळतं. पाचवीत एकदम सगळं इंग्रजीत सुरू होतं. बाईंचं बोलणं कानावर येतं, पण त्यातलं काही आत जात नाही, त्याला ती पोर ‘ऐकू येत नाही’ म्हणते. मला ते फार चुकीचं वर्णन वाटत नाही. मग कोणीतरी हेडफोन लावतं, आणि ती ‘बीप ऐकू आला की हात वर कर’ याचा अर्थ ‘बाईंइतका मोठा आला की कर’ असा घेते. मुद्दाम असेलच असं नाही.

हे उलगडतं कसं? एक, शब्दांची चाचणी. बीपचा आकडा आणि शब्दांचा आकडा पाच-दहा डेसिबलच्या आत जुळायला हवेत. बीप ५० आणि शब्द १५वर बरोबर येत असतील तर पाणी मुरतंय. पण शब्द तिच्या तोंडचे हवेत. इंग्रजी यादीतले ‘हॉटडॉग’ आणि ‘बेसबॉल’ पेडण्याच्या पोरीला देऊन तिला बहिरी ठरवलेला एक कागद माझ्याकडे आला होता. मी ‘काजू’, ‘होडी’, ‘पेटी’, ‘केळी’ देते. दोन, ओएई. तिथे मुलाने हात वर करायचाच नसतो. पडसाद चांगला आला तर आतल्या कानाच्या त्या थरथरणाऱ्या पेशींचं ५० डेसिबलचं नुकसान नाही, एवढं नक्की. तिसरी खूण फक्त अनुभवाने दिसते. खरं कमी ऐकणारं मूल चुकून दोनचारदा नको तेव्हा हात वर करतं, कारण ते जीव तोडून ऐकत असतं. तुमच्या नातीसारखं मूल एकदाही असं चुकत नाही.

मी मग मुलाला म्हणते, ‘यंत्र तापलं होतं, आपण पुन्हा करू’, आणि सांगते: आवाज आला तर ‘हो’, नाही आला तर ‘नाही’ म्हण. काही मुलं अगदी बारीक आवाजाला ठामपणे ‘नाही’ म्हणतात, म्हणजे तो ऐकू आलेला असतो. हसू येतं, पण हसायचं नसतं. नातीची इज्जत राखून आकडा दुरुस्त झाला की तिच्या वर्गशिक्षिकेशी बोला, इंग्रजीच्या तासाबद्दल. आणि डोळेही तपासून घ्या, फळा दिसत नसला तरी काही मुलं ‘ऐकू येत नाही’ म्हणतात.

म्हापशाहून एका तरुण वडिलांचं एका ओळीचं पत्र: मोबाइलवरच्या अॅपने तीन वर्षांच्या मुलाचे कान तपासले तर चालतील का?

नाही. तुमच्या फोनच्या आवाजाचं आणि तुमच्या इअरफोनचं माप कोणी जुळवलेलं नाही, आणि घरी पंखा असतो. त्यापेक्षा मुलाच्या मागे हातभर अंतरावर बसा आणि नेहमीच्या आवाजात, वेगवेगळी थांबून म्हणा: म, ऊ, ई, आ, श, स. सहाही आवाजांना तो वळतो का, निदान खेळता खेळता थबकतो का ते बघा. श्वास मानेला लागू देऊ नका, समोर आरसा किंवा बंद टीव्ही नको. ‘स’ला दर वेळी चुकला तर मला किंवा कोणालाही फोन करा. सहाच्या सहा जमले म्हणून चाचणी झाली असं नाही, पण आजची रात्र झोप लागेल.

जाता जाता एक. पिशवीच्या तळाशी एक ऑडिओग्राम, म्हणजे श्रवणचाचणीचा आलेख, निघाला, पत्र नाही, नाव कोपऱ्यातून फाटलेलं, वय ६ एवढंच वाचता येतं. उजवा कान सगळीकडे १०. डावा सगळीकडे ५५ ते ६०, आणि रेघ हुबेहूब उजव्या कानाच्या रेघेची सावली, फक्त खाली सरकवलेली. मास्किंगचा, म्हणजे चांगल्या कानाला गुंतवून ठेवण्याचा, रकाना कोरा. हेडफोनमधला आवाज चाळीस ते साठच्या पुढे गेला की कवटीच्या हाडांतून पलीकडच्या चांगल्या कानाला पोचतो, म्हणून त्या कानात घूं असा आवाज सोडून त्याला गुंतवून ठेवावं लागतं. इथे ते केलेलं दिसत नाही. म्हणजे हे ५५ बहुधा डाव्या कानाचे नाहीतच, उजव्यानेच दोन्ही पेपर लिहिलेत. डावा प्रत्यक्षात पार गेलेलाही असू शकेल. गालगुंड झाल्यानंतर असं एका कानाचं होतं, म्हणून गालगुंड कधी झालं होतं का तेही आठवून ठेवा. कागद ज्यांचा असेल त्यांनी मासिकाच्या पत्त्यावर कळवावं. मूळ प्रत माझ्या खणात आहे.